गहू पूलमध्ये द्यायचा, तर भाव कधी आणि कसा बांधायचा?

शिवारवेडा (धागाकर्ता)

कापणी तोंडावर आलीय आणि घरात रोज एकच विषय चाललाय: या वर्षी गहू पूलमध्ये द्यायचा की नेहमीसारखा आपला आपण विकायचा? पूलवाले म्हणतात, सगळ्यांचा माल एकत्र करू, हंगामभर टप्प्याटप्प्याने विकू, खर्च वजा जाता जी सरासरी येईल ती सगळ्यांना सारखी देऊ. ऐकायला बरं वाटतं. पण माहितीपत्रक उघडलं की डोकं गरगरतं. कापणीचा पूल वेगळा, लांब मुदतीचा वेगळा, एक 'किमान भावाचा', आणि एक असा की वायदाभाव मी बांधायचा आणि बाकीचं ते बघणार.

नोंदणीची शेवटची तारीख जवळ येतेय. भाव आत्ताच बांधावा, कापणीला बांधावा, की सगळं पूलवर सोडून निवांत झोपावं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

वायदेबुवा

झोपायचं असेल तर पूल, कमवायचं असेल तर स्वतः विका. पूल म्हणजे सरासरी, आणि सरासरी कधीच वरचा भाव नसते. वर त्यांची व्यवस्थापन फी. आपला माल, आपला दर, रोख पैसे, विषय संपला.

गव्हाळ

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. बुवा आले म्हणजे शंभरी नक्की.

पाणकळा

बुवा, सरासरी कधीच वरचा भाव नसते तशी ती खालचाही नसते, हे अर्धं वाक्य नेहमी तुमच्या खिशात राहतं. :)

शिवारवेडा, आमच्याकडे बरीच वर्षं काही माल पूलमध्ये जातो, म्हणून अनुभवाचं सांगते. पूलमध्ये गेल्यावर 'कधी विकायचं' हा प्रश्न सुटतो असं सगळ्यांना वाटतं. सुटत नाही, तो नोंदणीच्या दिवसावर येऊन बसतो. कुठल्या पूलमध्ये, किती टन, आणि पैसे कुठल्या वेळापत्रकाने, हे तीन निर्णय तुम्हीच घ्यायचे आणि एकदा सही झाली की मागे फिरता येत नाही. त्यामुळे माहितीपत्रकातल्या अंदाजित भावाकडे नंतर बघा. आधी तुमची देणी कुठल्या महिन्यात आहेत ते एका कागदावर लिहा.

काटेकोर

पाणकळाशी सहमत. पण त्याआधी 'भाव' सुटा करून बघा, नाहीतर कुठला पूल काय देतोय ते कळणारच नाही.

गव्हाच्या भावात निदान चार गोष्टी असतात. पहिली वायदाभाव, म्हणजे शिकागो, पॅरिस किंवा लंडनसारख्या वायदेबाजारात चाललेला दर. दुसरी बेसिस, म्हणजे तुमच्या इथला हजर भाव आणि वायदाभाव यांतला फरक. त्यात वाहतूक येते, स्थानिक मागणी येते, बंदरावरची गर्दी येते. तिसरी चलन, कारण शिकागो डॉलरमध्ये बोलतो आणि पॅरिस युरोमध्ये. चौथी प्रत: प्रथिनं, ओलावा, दाण्याचं वजन वगैरे.

हे चारही एकाच दिवशी बांधायला हवेत असा नियम नाही. माहितीपत्रकातला तो शेवटचा प्रकार (वायदा तुमचा, बाकी त्यांचं) म्हणजे पहिला तुकडा तुम्ही बांधायचा आणि बेसिस व प्रतीचे अधिक-उणे पूलने सांभाळायचे. साध्या पूलमध्ये चारही तुकडे त्यांच्या हातात. रोख विक्रीत चारही एका फटक्यात बांधले जातात, म्हणून ती सोपी वाटते.

एकक बघायला विसरू नका. शिकागोचा दर बुशेलला असतो. गव्हाचा एक बुशेल म्हणजे ६० पौंड, जवळपास २७.२ किलो, आणि टनाला ३६.७४ बुशेल. तिथला एक सौदा ५,००० बुशेलचा, म्हणजे १३६ टनांचा. पॅरिसचा ५० टनांचा, लंडनच्या चाऱ्याच्या गव्हाचा १०० टनांचा. लहान शेतकऱ्याला स्वतः वायदा करणं जड जातं ते इथेच: माल ८० टन आणि सौदा १३६ चा. पूलमध्ये हजारो टन एकत्र येतात म्हणून त्यांना तो हिशोब जमतो.

वायदेबुवा

हे बरोबर. पण वायदा स्वतः न करताही भाव बांधता येतो, खरेदीदाराशी आगाऊ करार करून. त्याला पूल कशाला हवा?

पाणकळा

आगाऊ करारात टनेज तुमच्या गळ्यात असतं, म्हणून. २०२१ साली कॅनडाच्या प्रेरीत (पश्चिमेकडच्या गव्हाच्या पट्ट्यात) दुष्काळ पडला तेव्हा काय झालं ते आठवा. वसंतात चांगल्या भावाने करार केलेले लोक शरद ऋतूत माल देऊ शकले नाहीत. पीकच आलं नाही. आणि नेमका दुष्काळामुळेच भाव चढलेला. मग करार सोडवून घ्यायला बाजारभावातला फरक खिशातून भरायचा. पीकही गेलं आणि वर दंड.

पेरणीनंतर भाव बांधायची घाई करणाऱ्याने स्वतःला एवढंच विचारावं: हा गहू माझ्याकडे खरंच आहे का? की शेतात हिरवा उभा आहे? मी हिरव्या उभ्या पिकातला एक तृतीयांशपेक्षा जास्त भाग कधीच बांधत नाही. हा काही शास्त्राचा आकडा नाही, माझ्या झोपेचा आहे. बऱ्याच पूलमध्ये कापणीनंतर प्रत्यक्ष घातलेल्या टनांवरच बांधिलकी असते, काहींमध्ये क्षेत्रावर असते, आणि काहींमध्ये मात्र नोंदलेल्या टनांवर. हे तिन्ही एकाच माहितीपत्रकात शेजारी शेजारी बसलेले असतात आणि फरक बारीक अक्षरात.

शिवारवेडा

आमच्या कागदावर 'नोंदवलेले टन, अधिक-उणे दहा टक्के' असं आहे. म्हणजे १०० नोंदवले तर ९० घालून चालतील?

पाणकळा

चालतील. ८९ घातले तर एका टनाचा हिशोब होईल, आणि तो कुठल्या दिवसाच्या भावाने ते विचारून घ्या. तिथेच सगळी मेख असते.

जुनी_वही

थोडा इतिहास, कारण 'सरासरी भाव' ही कल्पना कुठल्या दुखण्यातून आली ते कळलं तर तिची मर्यादाही कळते.

पहिल्या महायुद्धानंतर कॅनडाच्या गहू उत्पादकांची अडचण अशी होती की शरद ऋतूत सगळ्यांचा माल एकदम बाजारात यायचा, कर्ज सगळ्यांचं एकाच वेळी तुंबलेलं, आणि भाव पडायचा. ॲरन सपायरो नावाचा कॅलिफोर्नियाचा वकील १९२३ मध्ये तिथे व्याख्यानं देत फिरला. त्याचं म्हणणं, सगळ्यांनी पाच वर्षांचा करार करून माल एका हाती द्या, मग तो हात सावकाश विकेल. अल्बर्टाचा पूल १९२३ मध्ये सुरू झाला, सस्कॅचवान आणि मॅनिटोबाचे १९२४ मध्ये. तिघांची मिळून एक केंद्रीय विक्री संस्था होती. शेतकऱ्याला माल घालताना पहिली उचल, मग मधले हप्ते, आणि हंगाम मिटल्यावर अंतिम रक्कम. आजही जवळपास प्रत्येक पूलची चौकट हीच आहे.

मग आलं १९२९. त्या पिकाला पूलने बुशेलमागे एक डॉलर उचल दिली. तेव्हाच्या भावाकडे पाहता ती सुरक्षित वाटली असणार. पुढे भाव घसरत घसरत डॉलरच्या खाली गेला, म्हणजे उचलच विक्रीपेक्षा जास्त झाली. बँकांचं देणं पूलवर आलं, प्रांतिक सरकारांना हमी घ्यावी लागली आणि ते कर्ज पुढे कित्येक वर्षं फिटत राहिलं. डिसेंबर १९३२ मध्ये कॅनडातल्या विनिपेगच्या धान्यबाजारात बुशेलचा भाव ४० सेंटांच्याही खाली होता. सरासरीने वर्षातले चढउतार मऊ होतात, सगळं वर्षच खाली गेलं तर सरासरी काय करणार?

१९३५ मध्ये कॅनेडियन व्हीट बोर्ड आलं, १९४३ पासून पश्चिम कॅनडाच्या गव्हाची विक्री सक्तीने त्याच्यामार्फत. उचलीला केंद्र सरकारची हमी होती, तोटा आला तर सरकारचा. ही सक्ती १ ऑगस्ट २०१२ ला संपली. ऑस्ट्रेलियात गव्हाच्या निर्यातीची एकखिडकी पद्धत (सगळी निर्यात एकाच संस्थेमार्फत) २००८ मध्ये गेली. त्यानंतर दोन्हीकडे पूल राहिले ते ऐच्छिक, आणि आज ते खासगी किंवा सहकारी आहेत, सरकारी हमीशिवाय. शिवारवेडा, तुमच्या कागदावर 'उचल' म्हणून जो आकडा आहे, तो भाव पडला तर परत मागता येतो का, हे वाचा. १९२९ चा प्रश्न आहे तो.

गव्हाळ

दंडवत. हा स्वतंत्र धागा व्हायला हवा.

वायदेबुवा

इतिहास छान, पण तो माझ्याच बाजूचा आहे. :) आणि अलीकडचं बोला ना. मार्च २०२२. फेब्रुवारीअखेर युक्रेनवर हल्ला झालेला, शिकागोचा गहू सलग कितीतरी दिवस वरच्या सर्किटला (एका दिवसात भाव चढायची कमाल मर्यादा) लागत होता, बुशेलला १३ डॉलरच्या पुढे गेला. त्या आठवड्यात ज्याच्या कोठारात स्वतःचा गहू होता तो राजा. पूलवाल्याला काय मिळालं? सरासरी!

काटेकोर

बुवा, त्याच वर्षाचा ऑगस्टही सांगा. शिकागो ८ डॉलरच्या खाली होता. मार्चमध्ये 'अजून चढेल' म्हणून थांबलेले राजे ऑगस्टमध्ये कुठल्या भावाने विकत होते?

आणखी एक गोष्ट त्या दिवसांतून शिकण्यासारखी. वायदा सर्किटला लागला की तिथे व्यवहार जवळपास थांबतात, आणि वायद्याने जोखीम झाकता येत नसेल तर खरेदीदारही सावध होतो. तो बोली खाली ठेवतो किंवा लावतच नाही. म्हणजे पडद्यावर वायदा आकाशात आणि इकडे बेसिस पाताळात. पडद्यावरचा भाव तुमच्या मालाला मिळतोच असं नाही. पहिल्या प्रतिसादात भाव सुटा करा म्हटलं ते याचसाठी.

पाणकळा

आणि मे महिन्यात, १३ तारखेला भारताने निर्यात थांबवली, तेव्हा पुन्हा उसळी आली होती. अशा बातमीवर विकणं जमायला माणूस दिवसभर पडद्यासमोर हवा. कापणीच्या दिवसांत मी यंत्राच्या पात्याला काय अडकलंय ते बघत असते.

शिवारवेडा

सगळ्यांचे आभार, बरंच सुटं झालं. आता एक खरंखुरं गणित. समजा पूलचा अंदाज रोख भावापेक्षा बरा आहे. मग पूलच घ्यावा ना? पैसे मात्र हप्त्याने.

काटेकोर

आकडे मी मनाने धरतो, चलन कुठलंही समजा.

पूलचा अंदाज बंदरावर टनाला ३००. त्यातून वाहतूक ३२, साठवण आणि हाताळणी १४, व्यवस्थापन फी ६. शेतावर हाती २४८. आज खरेदीदार रोख २४० देतोय. वरवर पाहता पूल ८ ने पुढे.

आता वेळापत्रक लावा. माल घालताना उचल १६८, पाच महिन्यांनी ५०, दहा महिन्यांनी उरलेले ३०. तुमच्या डोक्यावर ९ टक्क्यांचं कर्ज आहे असं धरू. पाच महिन्यांनी येणारे ५० आजचे ४८.२ होतात, दहा महिन्यांनंतरचे ३० आजचे २७.९. एकूण २४४.१. म्हणजे ८ ची आघाडी ४ वर आली. पूलचा हाती येणारा अंदाज दोन टक्क्यांनी जरी खाली सरकला तरी ही आघाडी पुसली जाते, आणि अंदाज हंगामात दोन टक्के हलणं ही काहीच गोष्ट नाही.

कर्ज नसेल, पैसे नुसते पडून राहणार असतील, तर हेच गणित पूलच्या बाजूने झुकतं. एकच पूल शेजारशेजारच्या दोन शेतांना वेगळा ठरतो तो असा. तेव्हा 'कुठला पूल चांगला' हे इथे विचारून उपयोग नाही, तुमचा व्याजदर घालून हे गणित करा.

जाता जाता, अंदाज बंदरावरचा आहे की शेतावरचा हे बघितल्याशिवाय दोन पूलची तुलना करूच नका. माहितीपत्रकात मोठ्या अक्षरात नेहमी बंदरावरचा असतो.

वायदेबुवा

हे मात्र मान्य. फी फक्त ६ धरलीत हे उदारपणाचं आहे, पण मान्य.

सुगी

वाचतोय. एक शंका: 'किमान भावाचा' पूल म्हणजे फुकटची हमी का? खाली गेला तर किमान मिळणार, वर गेला तर वरचं मिळणार. मग बाकीचे पूल कोण घेतं?

वायदेबुवा

फुकट काही नसतं. ते आतून ठरलेल्या भावाने विकायचा हक्क विकत घेतात, म्हणजे ऑप्शन. त्याचा हप्ता तुमच्याच भावातून वजा होतो. बाजार शांत असताना हा विमा स्वस्त, बाजार हादरलेला असताना महाग. आणि लोकांना विम्याची आठवण येते ती बाजार हादरल्यावरच. किमान भाव जितका वर मागाल तितका हप्ता जाड. माझ्या मते, ज्याला बँकेला ठरावीक रक्कम दाखवायचीच आहे त्याने तेवढ्या टनांपुरता घ्यावा, सगळ्या मालाला नाही.

पाणकळा

बुवांनी पूलमधला एक प्रकार सुचवला, तारीख लिहून ठेवा कोणीतरी.

प्रतीबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून सांगते. पूलचा भाव हा एका मूळ प्रतीचा असतो. ऑस्ट्रेलियात तो बहुधा १०.५ टक्के प्रथिनांच्या प्रतीवर सांगतात, ब्रिटनमध्ये पावाच्या गव्हाला १३ टक्के प्रथिनं, हेक्टोलिटरला ७६ किलो वजन आणि हॅगबर्ग (हे काय ते खाली सांगते) २५० अशी अपेक्षा असते. तुमचा दाणा या मापाच्या वर किंवा खाली असेल तर अधिक-उणे. काही पूलमध्ये हे अधिक-उणे आधीच ठरलेलं असतं, काहींमध्ये हंगामाच्या बाजाराप्रमाणे बदलतं. ज्या वर्षी सगळीकडे प्रथिनं कमी आलेली असतात त्या वर्षी जास्त प्रथिनांचा गहू बाहेर रोखीत सोन्याच्या भावाने जातो, आणि ठरलेल्या अधिक-उण्याच्या पूलमध्ये तोच माल हळहळत घालावा लागतो.

हॅगबर्ग कसं मोजतात ते एकदा समोर उभं राहून बघा. नमुना दळतात, सात ग्रॅम पीठ नळीत, त्यात पंचवीस मिलिलिटर पाणी, जोरात हलवायचं, नळी उकळत्या पाण्यात. दांडीने मिनिटभर घुसळतात आणि मग दांडी सोडून देतात. ती खाली पोचेपर्यंत, घुसळण्याचं मिनिट धरून, जितके सेकंद जातात तो आकडा. कापणीआधी पाऊस लागून दाणा आतून अंकुरायला लागला असेल तर त्यातलं स्टार्च तुटतं, खळ पातळ होते आणि दांडी सरसर खाली जाते. बाहेरून दाणा अगदी चांगला दिसत असतो. काट्यावरची ती मुलगी आकडा वाचून दाखवते आणि ट्रक पावाच्या रांगेतून चाऱ्याच्या रांगेत जातो.

म्हणून म्हणते, प्रत हातात येण्याआधी सगळा माल पावाच्या गव्हाच्या पूलला बांधू नका. प्रत घसरल्यावर काय, ते करारात असतं: कुठे नुसती कपात, कुठे माल नाकारणं.

जुनी_वही

एक शेवटचा मुद्दा, सुरक्षिततेचा. माल पूलमध्ये घातला की मालकी सहसा त्यांच्याकडे जाते आणि तुमच्याकडे उरतो तो येणं असल्याचा कागद. चालवणारी संस्था बुडाली तर पैसे येणं असलेल्या इतरांच्या रांगेत तुम्हीही. कॅनडात ग्रेन कमिशन (धान्यव्यापारावर देखरेख करणारी सरकारी संस्था) परवानाधारक कंपन्यांकडून शेतकऱ्यांच्या देण्यापोटी तारण घेतं, पण त्या संरक्षणाला माल घातल्यापासून ९० दिवसांची मुदत असते. काटेकोरांच्या गणितातला शेवटचा हप्ता दहाव्या महिन्यात आहे. तुमच्याकडे असं काही संरक्षण आहे का, किती दिवसांचं, हे विचारा. पूलचं खातं संस्थेच्या इतर पैशांपासून वेगळं ठेवलंय का, हेही.

सुगी

बापरे. इतकं विचारल्यावर ते म्हणतील आम्हाला तुमचा गहू नको.

जुनी_वही

जो पूल एवढ्या प्रश्नांनी वैतागतो, त्याच्याकडून दहा महिन्यांनी हिशोब कसा मागणार?

शिवारवेडा

दोन दिवस घरात कागद पसरून बसलो होतो. सध्या असं ठरतंय:

कापणीनंतर लगेचची देणी भागतील एवढा माल, साधारण तिसरा हिस्सा, काट्यावर रोखीने. त्यात भावाची वाट बघायची नाही. निम्मा लांब मुदतीच्या साध्या पूलमध्ये, पण नोंदणी आत्ता कमी टनांची करायची, कारण पीक यंदा कसं उतरतंय ते अजून दिसत नाही. कापणी सुरू झाल्यावर आठवडाभर टन वाढवता येतात असं त्यांच्या माणसाने सांगितलं, ते लेखी मागितलंय. उरलेला कोठारात. उचल परत मागण्याचं कलम सापडलं, आहे करारात, पण ते फक्त प्रत कमी निघाली तर. भाव पडला तर नाही.

वायदा आपण बांधायचा प्रकार सोडून दिला. घरात आधीच पुरेसे मतभेद आहेत.

वायदेबुवा

कोठारातला माझ्यासाठी ठेवलात, आवडलं. पण त्याला साठवणीचा आणि व्याजाचा खर्च दर महिन्याला चढतो. पुढच्या महिन्याचा वायदा आत्ताच्या वायद्यापेक्षा त्या खर्चाहून जास्त वर असेल तरच थांबण्यात अर्थ. तो फरक बाजार तुम्हाला थांबायचे पैसे म्हणून देत असतो. फरक नसेल किंवा उलटा असेल, तर बाजार म्हणतोय आत्ता द्या.

काटेकोर

आणि कोठारातल्या मालाचा ओलावा मोजून ठेवा. मर्यादा जागोजागी वेगळी, ऑस्ट्रेलियात १२.५ टक्के; तिच्या वर गेला की काट्यावर कपात किंवा परत. वायदेबाजारात त्याचा दर दिसत नाही.

शिवारवेडा

तपासतो. पूलच्या माणसाचं उत्तर आलं आत्ताच: टन वाढवता येतील, पण वाढीव टनांना फी वेगळी. किती ते लिहिलेलं नाही. विचारलंय, आकडा आला की इथे टाकतो, त्याआधी सही नाही.